पहाटे तीनची साखर



ज्या डॉक्टर बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या प्रसूतितज्ज्ञ होत्या. मी मधुमेहाची डॉक्टर. आमची दोघींची कामं जिथे एकमेकांत मिसळतात, तिथलाच एक प्रश्न आज घेतला आहे. टाइप १ मधुमेह असलेली बाई गरोदर राहिली की रात्री झोपेत तिची साखर खाली जाते. ती का जाते, कशी ओळखायची आणि घरच्यांनी तेव्हा काय करायचं, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

मधुमेहावरच्या बहुतेक भाषणांत साखर वाढण्याचंच बोललं जातं. गोड कमी करा, भात कमी करा, रोज चाला. ज्यांना चाळिशीनंतर मधुमेह झाला, त्यांना हा सल्ला ठीक आहे. पण त्याच गर्दीत एखादी चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी बसलेली असते. शाळेत असल्यापासून ती इन्शुलिन टोचून घेते, आता तिला दोन महिने झाले आहेत, आणि तिच्या जिवाला खरा धोका आहे तो रात्री अडीच-तीनला. भाषण ऐकून ती घरी जाते आणि रात्रीची अर्धी पोळी आणखी कमी करते.

म्हणून आधी एक फरक स्पष्ट करते. गरोदरपणात पहिल्यांदा साखर वाढते आणि बाळंतपणानंतर बहुधा पूर्ववत होते, तो वेगळा आजार. त्यातल्या पुष्कळ जणींना आहार सांभाळूनच भागतं. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. इन्शुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, जन्मभर, रोज, गरोदरपणातही. ते बंद केलं तर काही तासांत रक्तात आम्ल साचायला लागतं आणि आई आणि बाळ दोघांवर बेततं. तेव्हा रात्री साखर कमी होते म्हणून इन्शुलिन बंद, हा उपाय नव्हे. शेजारणी सांगतात, कधी कधी घरातली वडीलधारी माणसंही सांगतात. ऐकायचं नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण रात्रीचा हा धोका उपचारांतूनच आलेला आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी टाइप १ झालेल्या मुली बाळंतपणाच्या वयापर्यंत पोचतच नसत. इन्शुलिन आलं, मुली जगल्या, मोठ्या झाल्या, आई होऊ लागल्या. बॉस्टनच्या जॉस्लिन क्लिनिकमध्ये १९२४ साली रुजू झालेल्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी आपली सारी हयात या बायकांसाठी घालवली. पुढे कोपनहेगनच्या डॉ. यॉर्गेन पेडरसन यांनी मांडलं, की आईच्या रक्तातली वाढलेली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईने टोचलेलं इन्शुलिन पलीकडे जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन करतं, बाळ बेसुमार वाढतं आणि जन्मल्यावर त्याचीच साखर कोसळते. त्यावरून ठरलं की आईची साखर शक्य तितकी मधुमेह नसलेल्या बाईसारखी ठेवायची. हे बरोबरच होतं. आजही बरोबर आहे. गर्भाचे अवयव पहिल्या दोन महिन्यांत घडतात, आणि त्या काळात साखर चढी असेल तर हृदयात, मणक्यात व्यंग राहण्याची शक्यता वाढते.

पण साखर खाली आणताना ती मध्येच थांबवता येत नाही, ही अडचण उरली. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप १ मध्ये साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड, नसा वाचतात, हे त्यातून सिद्ध झालं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की काटेकोर उपचार घेणाऱ्यांची साखर दुसऱ्याची मदत लागण्याइतकी खाली जाण्याचं प्रमाण तिप्पट होतं, आणि अशा निम्म्याहून जास्त घटना झोपेत घडत होत्या. गरोदर बाईला आपण जगातली सगळ्यात काटेकोर साखर ठेवायला सांगतो. उपाशीपोटी ७० ते ९५, जेवल्यावर एका तासाने १४० च्या आत. मग तिची रात्र कशी जाते, हे विचारणं आपलंच काम आहे.

आता शरीरात काय होतं ते पाहू.

बाळाला ग्लुकोज चोवीस तास लागतं. आई दिवसातून तीन-चार वेळा जेवते, पण वारेतून बाळाकडे जाणारा ओघ रात्रीही चालू असतो. त्यामुळे गरोदर बाईची रात्रीची आणि उपाशीपोटीची साखर एरवीपेक्षा कमीच असते. मधुमेह नसलेल्या बाईचीसुद्धा. तिचं स्वादुपिंड हे ओळखतं आणि इन्शुलिन आवरतं घेतं. टाइप १ असलेल्या बाईने रात्री दहाला टोचलेलं इन्शुलिन परत घेता येत नाही. ते आपल्या वेळेने काम करतच राहतं.

पहिल्या तिमाहीत याच्यात भर पडते. साधारण आठव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत शरीर इन्शुलिनला जास्त दाद देतं. कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो. याच दिवसांत मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना उडालेली. डेन्मार्कमध्ये टाइप १ असलेल्या १०८ गरोदर बायकांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४५ टक्के बायकांना गरोदरपणात एकदा तरी दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर कमी झाली होती, आणि अशा घटनांपैकी ८० टक्के विसाव्या आठवड्याच्या आत घडल्या होत्या. म्हणजे जेव्हा पोट दिसत नसतं, पुष्कळदा घरात बातमीही सांगितलेली नसते, तेव्हाच धोका सगळ्यात जास्त असतो. पुढे विसाव्या आठवड्यानंतर वारेतली संप्रेरकं इन्शुलिनला विरोध करू लागतात, आणि नववा महिना लागेपर्यंत डोस दुपटी-तिपटीवर जातो. तेव्हा घरचे घाबरतात, 'एवढं इन्शुलिन?' म्हणतात. पहिल्या तीन महिन्यांत मात्र डोस कमी झाला म्हणून आनंद मानतात. काळजीची वेळ तीच असते.

साखर कमी झाल्याची सूचना शरीर देतंच की, असं तुम्ही म्हणाल. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, कडकडून भूक लागते. ही लक्षणं ॲड्रेनलिनमुळे येतात. निरोगी माणसात त्याच्याही आधी ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक यकृतातली साठवलेली साखर सोडवतं. टाइप १ होऊन काही वर्षं झाली की साखर कमी झाल्यावर ग्लुकागॉन वाढायचं थांबतं. उरलं ॲड्रेनलिन. साखर वारंवार कमी होत राहिली की तेही मंदावतं. गाढ झोपेत आणखी मंदावतं. म्हणून झोपलेल्या बाईला जाग येत नाही. ती हलगर्जी आहे म्हणून नव्हे. जागं करणारी यंत्रणाच तिच्याजवळ शिल्लक नसते.

मग काही खुणा सकाळी शोधाव्या लागतात. उठल्यावर डोकं जड, चादर किंवा मानेखालची उशी ओलसर, रात्रभर भयंकर स्वप्नं, झोप होऊनही अंगात त्राण नाही. गरोदरपणात या तक्रारी एरवीही असतात, म्हणून त्या सहज 'दिवस गेलेत, होणारच' या खात्यात जमा होतात. टाइप १ असलेल्या बाईच्या बाबतीत असं एकदा झालं, तरी पुढच्या दोन-तीन रात्री गजर लावून तीन वाजता साखर तपासायची.

एका घरातली रात्र सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. पहिलटकरीण, दहावा आठवडा. रात्री साडेआठला इन्शुलिन घेतलं, नंतर सगळ्यांना वाढलं, स्वतः शेवटी बसली. तोवर मळमळ सुरू झाली होती. अर्धी भाकरी कशीबशी खाल्ली आणि झोपली. पहाटे तीनच्या सुमारास नवऱ्याला तिच्या कण्हण्याने जाग आली. कपाळ गार, अंगाखालची चादर भिजलेली. काय होतंय विचारलं तर तिने त्याचा हात झटकला आणि काहीतरी असंबद्ध बोलली. सासूबाई उठून आल्या. त्यांना वाटलं, दिवसांत आहे, झोपेत घाबरली असेल. देवापुढचा अंगारा लावू या. नवऱ्याने साखरेचं पाणी तोंडाशी नेलं, तिने तोंड फिरवलं, पेला उडवून दिला. आता घरात राग, भीती, रडारड. नणंदेने वहिनीला साखर तपासताना पाहिलेलं होतं. तिने ग्लुकोमीटर काढला, बोटाला टोचलं. ३८.

वहिनी गिळू शकते एवढं नणंदेने पाहिलं, तिला उठवून बसवलं, भिंतीला टेकवलं आणि ग्लुकोजचं घट्ट पाणी चमच्याचमच्याने पाजलं, मध्येमध्ये नाव घेऊन हाक मारत. पंधरा मिनिटांनी ५६. पुन्हा तितकंच ग्लुकोज. आणखी पंधरा मिनिटांनी ९१. मग अर्धी पोळी आणि दूध. सकाळी सुनेला यातलं काहीही आठवत नव्हतं. चादर का बदलली, एवढंच तिने विचारलं.

हा प्रसंग सांगितला तो पेला उडवून दिला त्यासाठी. मेंदूला साखर कमी पडली की माणूस भांडतो, नाही म्हणतो, दूर ढकलतो, कधी हसत सुटतो. त्या क्षणी ती जे बोलते ते तिचं बोलणं नसतं. घरच्यांनी ते मनाला लावून घ्यायचं नाही आणि तिने नाही म्हटलं म्हणून थांबायचंही नाही. अंगारा लावायचा तर लावा, माझं काही म्हणणं नाही. आधी ग्लुकोज द्या.

काय द्यायचं ते नेमकं सांगते, कारण घाबरलेल्या घरात चुकीच्या वस्तू पुढे येतात. पेढा, चॉकलेट, दूध यातलं काहीही पहिल्या पंधरा मिनिटांत उपयोगाचं नाही. स्निग्धांशामुळे साखर पोटातून रक्तात उशिरा जाते. ग्लुकोज पावडर किंवा घरातली साखर, चहाचे तीन चमचे म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम, अर्धा पेला पाण्यात. गडबडीत साखरेचा डबा शोधावा लागू नये म्हणून ते उशाशी तयार ठेवायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. ७० च्या वर आल्यावर मग पोळी, दूध, बिस्किटं. घाईने अर्धा डबा साखर आणि वर दोन लाडू असं केलं तर सकाळी २५० येते, मग तिला पुन्हा जास्त इन्शुलिन घ्यावं लागतं, आणि दुपारी परत तेच.

ती बेशुद्ध असेल, गिळत नसेल किंवा झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, मध नाही, साखर नाही. श्वासनलिकेत गेलं तर त्यानेच जीव जाईल. डाव्या कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर १ मिलिग्रॅम मांडीत द्यायचं. गरोदरपणात ते द्यायला हरकत नाही. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देतात आणि बहुधा काही मिनिटांत ती डोळे उघडते. आणखी एक गोष्ट. पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईला झटके आले की रक्तदाब वाढल्यामुळे आले असतील असं समजून धावपळ होते. ते योग्यच आहे. पण टाइप १ असलेल्या बाईला घेऊन गेलेल्यांनी दारातच ओरडून सांगावं, 'हिला इन्शुलिन चालू आहे, आधी साखर बघा.' बोटाला टोचून साखर बघायला एक मिनिटही लागत नाही.

इथे बसलेल्या आयांच्या मनात एक प्रश्न असणारच. बाळाला काय होतं? थोडा वेळ आईची साखर कमी झाली तर बाळाला व्यंग येतं, असा पुरावा नाही. बाळ वारेतून मिळेल तेवढं ओढून घेतं. जीव धोक्यात असतो तो आईचा. ज्या बायका स्वतःच्या जिवाची काळजी घेत नाहीत, बाळाला त्रास नको म्हणून साखर आणखी खाली ठेवतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते आहे. स्वतःला वाचवणं म्हणजे बाळावर अन्याय नव्हे.

आता डॉक्टर मंडळींसाठी आणि औषधांच्या दुकानदारांसाठी थोडं.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत आणि बऱ्याच खासगी ठिकाणीही जुनं, स्वस्त इन्शुलिन दिलं जातं. ते वाईट नाही. त्यावर हजारो बाळंतपणं सुखरूप झाली आहेत. पण त्याचं वेळापत्रक माहीत हवं. दुधाळ दिसणारं मध्यम काळाचं इन्शुलिन टोचल्यावर चार ते आठ तासांत सगळ्यात जोरात असतं. रात्री साडेआठला घेतलं तर तो जोर बरोबर मध्यरात्रीनंतर येतो. शिवाय जेवणाचं साधं इन्शुलिन सहा-आठ तास रेंगाळतं, आणि दोन्हींचे परिणाम एकमेकांवर चढतात. तयार मिश्रण देत असाल तर दोन्ही वेगळे करण्याची सोयच राहत नाही. म्हणून अशा बाईला मिश्रण देऊ नये. जेवणाचं वेगळं, रात्रीचं वेगळं, आणि रात्रीचं जेवणाबरोबर न देता झोपताना द्यावं, म्हणजे जोर पहाटेकडे सरकतो. परवडत असेल तर लांब पल्ल्याची, सपाट चालणारी नवी इन्शुलिनं आणि लवकर ओसरणारी जेवणाची इन्शुलिनं गरोदरपणातही वापरली जातात, आणि रात्रीच्या दृष्टीने ती बरी.

सिरिंजचा मुद्दा तर मला प्रत्येक सभेत सांगावासा वाटतो. आपल्याकडे कुपीतलं इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं १०० युनिटचं. त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर १० युनिट समजून २५ युनिट अंगात जातं. अडीचपट. दिसायला काहीच फरक नसतो. रात्री दहाला असं झालं तर पुढचं सांगायला नको. दुकानदारांनो, सिरिंज देताना एवढं विचारा: कुपी कुठली, ४० ची की १०० ची?

आणि एचबीएवनसी. तीन महिन्यांची सरासरी. गरोदरपणात ती ६ च्या खाली असावी असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतं, पण त्याच वाक्यात पुढे असं आहे की साखर फार खाली न जाता जमत असेल तरच, नाहीतर ७ पर्यंत चालेल. आपण वाक्याचा पहिला भाग वाचतो. सरासरी ही सरासरीच; रात्री ४५ आणि दुपारी १८० मिळूनही देखणा आकडा येतो. शिवाय गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात, त्यामुळे तो आकडा आपोआपच थोडा उतरतो. साडेपाच आला म्हणून पाठ थोपटण्याआधी तिला विचारा, रात्री घामाने किती वेळा जाग आली? तिच्या नवऱ्यालाही विचारा. सकाळी साखर २०० आली की रात्रीचा डोस वाढवायचा, ही सवयही सोडायला हवी. आधी तीन वाजताचा आकडा बघायचा. रात्री खाली गेली, तिने अर्धवट झोपेत काहीबाही खाल्लं आणि म्हणून सकाळी वर आली, असंही असतं. तिथे डोस वाढवणं म्हणजे पुढची रात्र अधिक धोक्याची करणं.

दंडावर लावायचा सेन्सर आल्यापासून हे सगळं बरंच सोपं झालं आहे. २०१७ साली लॅन्सेटमध्ये एक मोठा अभ्यास छापून आला. टाइप १ असलेल्या ३२५ बायका त्यात होत्या, काही गरोदर, काही बाळाचा विचार करणाऱ्या. ज्या गरोदर बायकांनी सतत साखर मोजणारा सेन्सर वापरला, त्यांची बाळं अवाजवी मोठी होण्याचं प्रमाण कमी होतं, नवजात अतिदक्षता विभागात ठेवावी लागणारी बाळंही कमी होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये टाइप १ असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला सेन्सर सरकारी खर्चाने मिळू लागला. २०२३ साली तिथूनच आणखी एक पाऊल पुढे पडलं. सेन्सर आणि इन्शुलिन पंप एकमेकांशी जोडून, झोपेतही डोस आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा गरोदर बायकांना उपयोगी पडते, हे सिद्ध झालं. गरोदरपणात सेन्सरवर ६३ ते १४० ही मर्यादा धरतात. दिवसाचा सत्तर टक्के वेळ त्या आत आणि ६३ च्या खाली चार टक्क्यांहून कमी, म्हणजे चोवीस तासांत तासाभरापेक्षा कमी. सेन्सर असेल तर खालचा गजर रात्री कधीही बंद करायचा नाही, आणि नवऱ्याच्या फोनवरही तो वाजेल अशी सोय करायची.

एक बारीक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही. गरोदरपणात डाव्या कुशीवर झोपा, असं आपणच सांगतो. सेन्सर डाव्या दंडावर असेल तर तो अंगाखाली दाबला जातो आणि साखर कमी नसतानाही कमी दाखवतो. रात्री दोनदा खोटा गजर झाला की तिसऱ्या रात्री बाई गजर बंद करते. सेन्सर उजव्या दंडावर लावा. शंका आली तर बोटाला टोचून खात्री करा. आणि हात थरथरत असतील तर खात्रीची वाट न पाहता आधी ग्लुकोज घ्या.

आपल्याकडे सेन्सरचा खर्च प्रत्येकीला झेपत नाही. दर दोन आठवड्यांनी काही हजार रुपये म्हणजे थोडे नव्हेत. त्यांच्यासाठी ग्लुकोमीटरची पट्टी आहे. झोपताना एकदा आणि निदान पहिल्या वीस आठवड्यांत रात्री दोन-तीनच्या दरम्यान आठवड्यातून काही वेळा. डोस बदलला असेल, उलट्या झाल्या असतील, दिवसभर दगदग झाली असेल, तर त्या रात्री हमखास. झोपताना साखर १०० च्या आत असेल तर मी माझ्या रुग्णांना काहीतरी खाऊन झोपायला सांगते. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. उलट्यांचा त्रास असेल तर जेवणाचं इन्शुलिन जेवणाआधी न घेता, पोटात अन्न ठरलं की मग कमी करून घेता येतं. तेही त्यांच्याशी बोलून.

घराबद्दल बोलल्याशिवाय मला हा विषय सोडता येत नाही. इन्शुलिन घेतलेल्या बाईने सगळ्यांना वाढून शेवटी जेवायचं, ही पद्धत त्या घरापुरती तरी मोडा. तिने टोचलं की तिचं पान पहिलं. गरोदर बाईला उपवासाची सूट आपल्या घराघरांत पूर्वापार दिली जाते. टाइप १ असलेल्या गरोदर बाईला ती सूट न मागता द्या. हरितालिकेचा निर्जळी उपवास तर मुळीच नाही. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारायच्या असतील तर जेवून मारा.

लग्न ठरवताना मुलीचा मधुमेह लपवणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमची भीती मला समजते. किती स्थळं परत जातात, मुलगी किती खचते, हे मी पाहिलं आहे. पण लपवलेल्या आजाराची मुलगी सासरी न्हाणीघराचं दार लावून इन्शुलिन टोचते. कपाटातलं ग्लुकोज कशासाठी आहे हे नवऱ्यालाच माहीत नसतं. मग ती रात्री तीनला असंबद्ध बोलू लागली की घरात कोणालाच काही कळत नाही. वेड लागलं म्हणतात, बाधा म्हणतात, फिट म्हणतात. सांगितल्यामुळे मोडलेलं लग्न परवडलं.

सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, तेव्हा नवरा मागे राहतो. चार महिन्यांत तो जे शिकला ते सारं तिकडेच राहतं, आणि इकडे आईला वाढलेला डोस पाहून धक्का बसतो. रात्रीची योजना लिहिलेला कागद मुलीबरोबर आला पाहिजे. शेवटच्या महिन्यांत इन्शुलिनची गरज अचानक घटून साखर वारंवार खाली जाऊ लागली, तर घरी डोस कमी करत बसू नका, त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना दाखवा. वारेचं काम तपासावं लागतं. बाळाची फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर दोन-चार दिवस डोस वाढवावा लागतो. तो परिणाम ओसरताच वाढवलेला डोस उतरवायचं राहिलं, तर रात्र पुन्हा धोक्याची.

बाळंतपणाची रात्र या सगळ्यांत फसवी. वार पडली की इन्शुलिनला विरोध करणारी संप्रेरकं काही तासांत ओसरतात. सकाळी ८० युनिट लागणाऱ्या बाईला संध्याकाळी तीसही जास्त होऊ शकतात. वॉर्डातल्या कागदावर मात्र जुना डोस असतो. म्हणून बाळंतपणानंतरचा डोस कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी केस पेपरवर लिहून ठेवायला हवा. पुढे अंगावर पाजणं सुरू झालं की दुधाबरोबर साखरही जाते. रात्री दोनला बाळाला घ्यायच्या आधी बाळंतिणीने काहीतरी खाऊन घ्यावं, आणि ते खाणं तिच्या हाताशी ठेवायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी असावं. आमच्याकडे बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची काळजी सगळं घर करतं. तिच्या उशाशी ग्लुकोजची वाटी ठेवायला कुणाला आठवत नाही.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मुख्यतः माझ्याच व्यवसायबंधूंना. टाइप १ असलेल्या गरोदर बाईच्या कागदावर आपण युनिट लिहितो, आहार लिहितो, पुढची तारीख लिहितो. त्याच कागदाच्या मागे मराठीत, मोठ्या अक्षरांत, रात्रीची योजना लिहा. झोपताना साखर किती हवी, कितीच्या खाली किती ग्लुकोज, कोणत्या आकड्याला इन्शुलिन कमी, बेशुद्ध झाली तर काय, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. तो कागद तिच्या हातात न देता तिच्याबरोबर आलेल्या माणसाच्या हातात द्या आणि त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, कारण रात्री तीनला तो कागद तिला वाचता येणार नाही.

आणि इथे शासनाच्या आरोग्य खात्यातली जी मंडळी आली आहेत त्यांना एक विनंती. टाइप १ असलेल्या गरोदर बायका संख्येने थोड्या आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकीला दिवस गेल्याचं कळल्यापासून विसाव्या आठवड्यापर्यंत तरी ग्लुकोमीटर, पुरेशा पट्ट्या आणि ग्लुकागॉनचं एक इंजेक्शन सरकारी दवाखान्यातून मोफत मिळावं, आणि ते कसं द्यायचं हे गावातल्या आशाताईंना शिकवावं.